पायडल

गाडी ताईची होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं पुढं ते कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

तीन चाकांची गाडी. मधे पत्र्याची खुर्ची आणि छातीसमोर दोन मुठी. मुठी हातानं गरगर फिरवायच्या, की साखळी फिरते, चाक फिरतं आणि गाडी चालू लागते. पायांचं काही काम नाही, आणि तेच तर हवं होतं. लहानपणी ताप आला, तो उतरताना ताईच्या दोन्ही पायांतलं बळ घेऊनच उतरला. हात मात्र राहिले, आणि ते असे राहिले की बघत बसावं. गोदामात फाटकी पोती शिवून शिवून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते. पोतं शिवायची जाड सुई म्हणजे दाभण, आणि गाव तिला माघारी दाभणच म्हणायचं. त्यात हातातल्या सुईचा जेवढा वाटा होता तेवढाच तोंडातल्या जिभेचा होता. समोर मात्र सगळे ताई म्हणायचे.

ही गाडी काही सुखासुखी मिळाली नव्हती. धाकट्या भावानं एकदा शहरात दुकानात जाऊन किंमत विचारली होती. ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले. "एवढ्यात दुभती गाय येते की हो," तो म्हणाला. दुकानदार म्हणाला, "मग गाय घे आणि तिच्यावर बसव बहिणीला." धाकटा तसाच परत आला. मग फुकट वाटपाच्या शिबिराच्या चकरा सुरू झाल्या. एकदा गाड्या आधीच संपल्या. एकदा मिळाली ती दवाखान्यातल्या गुळगुळीत फरशीवर फिरवायची खुर्ची, तिची पुढची बोटभर चाकं घरासमोरच्या पहिल्याच खड्ड्यात रुतली आणि ताई तोंडावर आपटली. ती खुर्ची आता गोठ्यात होती, कोंबड्या बसायच्या तिच्यात. त्यानंतर किती वर्षांनी शिबिरात ही मिळाली ते विचारू नका. तर अशी ही गाडी.

त्याआधी ताई गोदामात जायची ती धाकट्याच्या पाठीवर. तिचे हात त्याच्या गळ्यात, पाय खाली लोंबकळत. रस्त्यात माणसं भेटायची आणि तिच्या नाकासमोर उभी राहून भावाला विचारायची, "काय रे, कुठं नेतोयस हिला?" जणू ती पाठीवरचं पोतंच. गोदामात एकदा टेकवली की संध्याकाळी तो येईपर्यंत तिथंच. म्हणून सकाळपासून ती घोटभरही पाणी प्यायची नाही. पाणी प्यायलं की पुढचं आलं, आणि पुढचं आलं की कुणाला तरी हाक मारणं आलं.

गाडी आली त्या पहिल्या सकाळी ती एकटी निघाली. अर्ध्या वाटेवर बाभळीखाली उगाचच थांबली. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. पण पाठीवर बसलेल्या माणसाला असं उगाच थांबता येत नाही, म्हणून ती थांबली, चांगली पोटभर थांबली, आणि मग मुठी फिरवत पुढं गेली. त्या दिवशी ती दुपारी तांब्याभर पाणी प्यायली आणि गाडी हाणत गोदामामागच्या मोरीपर्यंत स्वतः जाऊन आली. एवढ्याशा गोष्टीवर तिला हसू येत होतं, एकटीच हसत होती वेडीसारखी.

गोदामातलं काम कसं मिळायचं ते सांगितलं पाहिजे. सकाळी फाटक उघडलं की मुकादम फाटक्या पोत्यांच्या थप्प्या लावायचा. जो आधी येऊन बसला त्याच्यासमोर थप्पी. थप्प्या संपल्या की संपल्या, मग तुम्ही कोण का असेना, घरी जा. गाडी आल्यापासून ताई रोज पहिली. फाटकाला कुलूप असतानाच ती बाहेर उभी असायची, मांडीवर सुतळीचा गुंडा घेऊन. मुकादम कुलूप काढता काढता म्हणायचा, "ताई, तू झोपतेस तरी का गं?" ती म्हणायची, "झोपते, पण तुझ्यासारखी कामावर नाही."

चाललं होतं सगळं बरं. मग पाऊस दडी मारून बसला.

आधी विहिरी खरवडल्या, मग तळं. शेवटी पाण्याचा टँकर येऊ लागला, तो चौकात उभा राहायचा, घरापासून चांगला लांब. भावजय पोटुशी होती, सातवा सरत आला होता. आईचे गुडघे गेलेले. धाकटा खडी फोडायला जायचा, दुपारच्या सुट्टीत तेवढा मोकळा. पहिल्या दिवशी आईच म्हणाली, "गाडी दुपारची रिकामीच तर उभी असते गोदामात. धाकट्यानं दोन कॅन आणले तिच्यावरून तर काय झिजणार आहे का ती?" ताई म्हणाली, "आणू दे की." नाही कशाला म्हणेल? पाणी तीही पीतच होती.

दोनाचे चार कॅन झाले. मग शेजारीण आली, "ताई, जरा गाडी नेऊ का गं, घरात थेंब नाही." तीही नेऊन आली. मग तिची जाऊ. मग पलीकडचा न्हावी, त्याच्या घरी तर म्हातारी अंथरुणाला खिळलेली, त्याला कोण नाही म्हणणार. आधी सगळे ताईला विचारायचे. मग धाकट्याला विचारू लागले. मग कुणालाच विचारेनात, यायचे आणि घेऊन जायचे. एकदा ताई मोरीत जायला निघाली तर गाडीच नाही. गाडी कुठं? गाडी चौकात. आता काय करायचं? करायचं काय, गप्प बसायचं.

त्यात टँकरवाल्यानं आपली वेळ बदलली. दुपारचा टँकर सकाळी येऊ लागला, नेमका गोदाम उघडायच्या वेळी.

"आजच्या दिवस धाकट्याच्या पाठीवर जा," आई म्हणाली.

"आजच्या दिवस?"

"टँकर रोज थोडाच सकाळी येणार आहे."

रोजच यायला लागला. धाकटा आधी पाण्याच्या खेपा करायचा, मग घामाघूम होऊन ताईला पाठीवर घ्यायचा, आणि गोदामात पोचेपर्यंत थप्प्या वाटून झालेल्या असायच्या. मुकादम लांबूनच हात हलवायचा. एकदा तो जवळ आला. "अगं, तुझी गाडी तर मघाशी मी टँकरपाशी बघितली. वाटलं, तू येत नाहीस आज. तुझी थप्पी दिली दुसऱ्या बाईला."

"गाडी आली म्हणजे मी आले, असं कुणी सांगितलं तुला?"

"गाडी तुझीच ना?"

धाकट्यानं तिला पुन्हा पाठीवर घेतलं आणि आल्या वाटेनं घरी आणलं. भर उन्हात, एवढ्यासाठी.

बरं, गाडी नेणारे तरी सुखी होते का? तर नाही! सगळ्यांचीच कुरकुर. "काय ही हातानं चालवायची अवदसा, खांदे निखळायची वेळ आली." "भरल्या कॅनांचं ओझं हातानं ओढायचं म्हणजे काय चेष्टा आहे?" न्हाव्याचा तर हात असा धरला की दोन दिवस त्याला वस्तरा उचलेना, गावातले पुरुष दाढ्या वाढवून फिरले. धाकटा रोज रात्री आईकडून खांदे चोळून घ्यायचा आणि म्हणायचा, "ज्यानं ही बनवली त्याला एकदा पाणी आणायला लावला पाहिजे." ताई पलीकडं भिंतीला टेकून सगळं ऐकायची. तिच्या मनात यायचं, अरे, ज्यानं बनवली त्यानं ती तुमच्यासाठी बनवलीच नव्हती. पण घरात प्यायला पाणी ज्या गाडीवरून येतं तिच्यावरून भांडायचं तरी कसल्या तोंडानं?

मग एक दिवस नशिबानं थप्पी मिळाली. टँकर आलाच नव्हता, ताई स्वतः गाडीनं वेळेवर पोचली. पोती उंदरांनी कुरतडलेली होती, ठिगळावर ठिगळ लावावं लागत होतं, पण ताईचा हात सपासप चालत होता. दुपारी टँकर आल्याचा निरोप आला, धाकटा खडीचं काम टाकून आला आणि गाडी घेऊन गेला. "संध्याकाळी न्यायला येतो," म्हणाला. जाताना का कोण जाणे, गालात हसत होता.

संध्याकाळी तो आला तो गाडीवर बसून, घंटी वाजवत, वाऱ्यासारखा. गोदामाच्या फाटकातून आत शिरला, एक गिरकी घेतली आणि ताईसमोर करकचून ब्रेक लावला.

"बघ ताई, तुझी गाडी कशी पळते आता!"

ताई बघतच राहिली. छातीसमोरच्या मुठी गायब. तिथं सायकलचं साधं हँडल. खुर्ची मागं सरकवलेली, दोन्ही अंगांना कॅन ठेवायला लोखंडी चौकटी. आणि खाली, जिथं काहीच नव्हतं तिथं, दोन पायडलं.

"वेल्डिंगवाल्यानं केलं," धाकटा सांगत होता. "पैसासुद्धा घेतला नाही. म्हणाला, ताईची गाडी आहे, गावाच्या उपयोगी पडते. साखळी खाली घेतली, आता पाय मारला की झालं, हाताला तोशीस नाही. सगळा भार घेऊनसुद्धा लोण्यासारखी चालते. तू बस तर खरी!"

"मुठी कुठं गेल्या?"

"त्या काय करायच्यात आता? कापून त्याच्याच या चौकटी केल्या. काही वाया घालवलं नाही बघ."

"मी कशानं चालवू?"

"अगं, पायड..." धाकटा म्हणाला, आणि थांबला.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याची नजर पायडलांवरून ताईच्या पायांवर गेली, तिथून पुन्हा पायडलांवर आली. ताईनं त्याचा चेहरा नीट बघितला आणि तिला कळलं की यात लबाडी काहीच नव्हती. ज्यानं वर्षानुवर्षं तिला पाठीवर वाहिलं तो भाऊ, आणि ज्याच्या पोराला तिनं मांडीवर खेळवलं तो वेल्डिंगवाला, दोघं दुपारभर त्या गाडीपाशी उकिडवे बसले होते, मोजमाप घेतलं होतं, चहा प्यायले होते, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. लबाडी असती तर तिला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

"गाढवा," ती एवढंच म्हणाली, आणि तिला रडू आलं. मुकादमासमोर, सगळ्या बायकांसमोर. ती सुतळीच्या गुंड्यात तोंड लपवून बसली.

घरी आई म्हणाली, "एवढं काय झालं? तू मागं बस, तो पायडल मारेल. पाठीपेक्षा बरं की नाही?"

"आणि त्याला वेळ नसेल तेव्हा?"

"तेव्हा घरी राहा. एक दिवस नाही गेलीस तर गोदाम काही पडत नाही."

ताईनं वेल्डिंगवाल्याला बोलावणं धाडलं. तो आला, ओशाळून दारातच उभा राहिला. "करतो गं ताई, पहिल्यासारखी करून देतो. पण मुठींचं सामान नवं लागेल, ते इथं मिळत नाही. आणि आत्ता उलटं केलं तर लोक मला चौकात उभं करतील. पाऊस पडू दे, टँकर बंद होऊ दे, मग बघू." धाकटाही तेच म्हणाला, पाऊस पडू दे. शेजारीण म्हणाली, पाऊस पडला की पहिलं तुझंच काम. ताईनं आभाळाकडं बघितलं. आभाळ धुतलेल्या परातीसारखं स्वच्छ होतं. मुकादमानं तोवर तिच्या जागेवर दुसऱ्या बाईला कायमचं बसवायची भाषा सुरू केली होती. "माझं काही म्हणणं नाही गं," तो म्हणायचा, "पण मला रोजचं माणूस लागतं."

आणि अशात बातमी आली की तपासणी येणार. कचेरीतून साहेब येतो, वाटलेल्या गाड्या बघतो. ज्याची त्यानंच वापरली पाहिजे. शेजारच्या गावात एकाच्या गाडीवर सरपणाच्या मोळ्या सापडल्या, तर साहेबानं गाडी टेम्पोत घालून नेली म्हणे.

मग काय, गावाची झोप उडाली. जे कधी ताईच्या दारात पाय ठेवत नव्हते तेही अंगणात येऊन बसले. गाडी गेली तर पाणी कशावर आणायचं? शेवटी धाकट्यालाच युक्ती सुचली. घरापासून चौकापर्यंत रस्ता उताराचा आहे. ताईला खुर्चीत बसवायचं, तिचे पाय पायडलांना बांधायचे, मागून एक धक्का द्यायचा. साखळी सरळ चाकालाच जोडलेली, चाकाला सुटं फिरायची सोय नाही, म्हणजे गाडी उताराला लागली की पायडलं आपोआप फिरणार, पायडलांबरोबर पाय. साहेबाला काय दिसणार? ताई गाडी चालवतेय.

"मी नाही बसणार," ताई म्हणाली.

"मग गाडी जाणार," धाकटा म्हणाला. "आज निदान अंगणात तरी आहे. पाऊस पडला की वेल्डिंगवाला मुठी लावून देईल. पण गेली तर पुन्हा शिबिराच्या चकरा, तुझ्यासाठीच सांगतोय."

हे मात्र खरं होतं. म्हणून ती बसली.

सकाळी गाडी धुतली. चौकटी पोत्यानं झाकल्या. धाकट्यानं तिची पावलं पायडलांवर ठेवली आणि सुतळीनं बांधली, तिच्याच गुंड्यातल्या. वरून चादर पांघरली. "जरा हसतमुख बस," आई म्हणाली.

साहेब आला. मागं टेम्पो. माणूस तसा वाईट नव्हता, पण उन्हानं आणि गावोगावच्या बतावण्यांनी वैतागलेला होता. पाणी विचारलं तर नको म्हणाला. "गाडी मिळाली? चालते? चालवून दाखवा."

धाकट्यानं खुर्ची सारखी केल्याचं नाटक करत मागून जोर लावला. गाडी हलली, उताराला लागली आणि चादर उडून गेली. ताईचे गुडघे वर आले. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. त्या तापानंतर कधी न हललेले ते दोन पाय तिच्या डोळ्यांसमोर नाचत होते, आणि मांड्यांच्या सांध्यात कळा येत होत्या, ओरडावंसं वाटत होतं. दोन्ही बाजूंनी गाव टाळ्या पिटत होतं. "बघा साहेब, स्वतः चालवते! कुणाची मदत लागत नाही!" चौकात रस्ता सपाट झाला, ताईनं ब्रेक दाबला.

साहेब चालत आला. त्यानं गाडीकडं बघितलं, ताईच्या पायांकडं बघितलं आणि डोकं खाजवलं.

"पाय चालतात की बाईचे."

टाळ्या थांबल्या.

"चांगली गोष्ट आहे," साहेब म्हणाला. "औषधपाणी लागू पडलं असेल. पण पायानं सायकल मारता येते, तर ही गाडी कशाला? माझ्याकडं रांगेत माणसं आहेत, कचेरीच्या पायऱ्या सरकत सरकत चढतात. गाडी त्यांना जाईल. टेम्पोत घाला."

आणि मग जो गलका झाला तो काय सांगावा! मघाशी टाळ्या पिटणारं सगळं गाव बोंबलायला लागलं. "साहेब, तिला एक पाऊल टाकता येत नाही!" "जन्माची लुळी आहे साहेब!" "बोटसुद्धा हलत नाही पायाचं, चिमटा काढून बघा!" न्हावी तर खरंच चिमटा काढायला पुढं सरसावला.

"एक काय ते ठरवा!" साहेब ओरडला. "चालवते की चालवत नाही?"

तेवढ्यात त्याला पायडलांवरची सुतळी दिसली. तो वाकला, गाठीला हात लावला. मग त्यानं पोतं बाजूला केलं आणि चौकटीत कॅनांनी उमटवलेले ओल्या मातीचे गोल बघितले. उभा राहिला तेव्हा त्याला ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. "पाणी वाहता होय हिच्यावर," तो म्हणाला. "बरं. उचला गाडी."

मग विनवण्या. शेजारीण पुढं झाली, "साहेब, घरात लहान लेकरं आहेत, पाणी कशावर आणू?" न्हावी हात जोडून उभा, "साहेब, म्हातारी अंथरुणात आहे." आई म्हणाली, "सून पोटुशी आहे हो, डोक्यावर ओझं कसं नेईल?" धाकटा म्हणाला, "साहेब, मी एकटा किती खेपा करू?" सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. खुर्चीत बसून ताई एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. ती वाट बघत होती. आता कुणीतरी म्हणेल. आई तरी म्हणेल. धाकटा तरी म्हणेलच. बोलून बोलून सगळे दमले, पुन्हा पाण्यावरच आले, आणि कुणीच काही म्हणालं नाही.

ताईनं कमरेची दाभण काढली आणि सुतळीच्या गाठी उसकटल्या. पाय खाली निसटले.

"पाणी, पाणी, पाणी!" ती म्हणाली. "एवढी तोंडं इथं, त्यातलं एक तरी म्हणालं का रे, ही कामाला कशी जाणार?"

न्हाव्यानं जोडलेले हात खाली घेतले.

"साहेब, गाडी माझी आहे. हातानं चालायची. माझे हात यांनी कापून कॅनांच्या चौकटी केल्या. मागितलं असतं तर दिलंही नसतं, पण मागितलंच नाही कुणी. आता तुमच्याकडं दुरुस्तीला माणूस आहे की नाही?"

"मिस्त्री आहे," साहेब म्हणाला. "पण तो आठवड्यातून एकदा येतो. आणि सामान मागवावं लागतं."

"मग गाडी न्या. आणि मलाही न्या."

"तुम्हाला कशाला?"

"मुठी बसेपर्यंत मी तिथं बसणार आहे. गाडी एकटी गेली तर रांगेतल्या कुणाला तरी पायडलासकट देऊन मोकळे व्हाल. तो तरी काय करणार आहे पायडलांचं?"

"बाई, गाड्या ठेवतो ती सामानाची खोली आहे. बसायला जागा नाही."

"मी जन्मभर पोत्यांवर बसलेय. सामानात मला कुणी ओळखायचंसुद्धा नाही."

"कचेरी संध्याकाळी बंद होते."

"मला आत ठेवून कुलूप लावा."

साहेबानं गावाकडं बघितलं, जणू कुणी समजूत घालेल हिची. कुणी पुढं आलं नाही. टेम्पोवाल्यानं आणि आणखी एकानं मिळून ताईला खाली उतरवलं आणि गाडी उचलून मागं ठेवली. ताई आता जमिनीवर बसली होती, चौकाच्या मधोमध, धुळीत, सगळ्यांच्या पायांच्या उंचीला. आई रडायला लागली. "अगं, काय हे धिंडवडे काढतेस आमचे," म्हणाली. ताईनं तिकडं बघितलं नाही. ती तळहात टेकत टेकत टेम्पोकडं सरकू लागली. गाडी आल्या दिवशी तिनं ठरवलं होतं की पुन्हा कधी असं सरकायचं नाही. सरकली. साहेबानं टेम्पोचं मागचं फळकूट खाली पाडलं.

धाकटा पळत आला आणि तिच्यासमोर पाठ करून बसला. ताई क्षणभर त्या पाठीकडं बघत राहिली. खडी फोडून, पाणी वाहून हाडं वर आली होती.

"फक्त वर चढव," ती म्हणाली.

त्यानं तिला चढवलं. ती गाडीच्या चाकाला पाठ टेकून बसली, मांडीवर सुतळीचा गुंडा. टेम्पो घरघरायला लागला. लांबून टँकर येताना दिसला तशी बायका रिकामे कॅन हातात घेऊन उभ्या राहिल्या, पण जागच्या हलेनात.

"मुकादमाला सांग," ताई म्हणाली, "माझी जागा कुणाला देऊ नकोस म्हणावं."

"सांगतो." धाकट्यानं फळकूट धरून ठेवलं होतं, सोडत नव्हता. "ताई, चुकलं गं माझं."

"चुकलंच."

"आणायला कधी येऊ तुला?"

"येऊ नकोस," ताई म्हणाली. "मी माझी येईन."